चौदा साचे

कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे झाडूमॅडम. हे नाव कुणी पाडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण पडलं ते चपखल. खरेदी विभागाची प्रमुख झाल्यापासून दोन वर्षांत तिने स्टोअरच्या सहा खोल्यांपैकी चार रिकाम्या करून घेतल्या होत्या. रॅकवर माल दिसला की तिच्या कपाळाला आठ्या पडत आणि मोकळी फरशी दिसली की चेहरा खुले. एकदा कँटीनच्या रांगेत तिच्या मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "डबा लवकर संपवा रे, नाहीतर झाडूमॅडम उरलेला भंगारात काढतील." तिला ते ऐकू गेलं. रागवायचं सोडून ती मनातल्या मनात खूश झाली. आपलं काम लोकांच्या तोंडी आलं, याहून मोठी पावती कोणती, असं तिला वाटलं.

कारखाना व्हीलचेअरचा. दिवसाला दीडशे खुर्च्या बाहेर पडत. प्रत्येक खुर्चीला मागे दोन मोठी चाकं आणि पुढे दोन छोटी, तळहाताएवढी, भरीव रबराची. मोठ्या चाकाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खुर्ची वळते ती छोट्या चाकांवर. ती नसली तर खुर्ची म्हणजे नुसती बसायची खुर्ची.

तिला माल साठवण्याचा एवढा तिटकारा का, हे कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. ते तिच्या लहानपणात होतं. वडिलांचं दिव्यांचं दुकान होतं: कंदील, वाती, कंदिलाच्या काचा. एका गोडबोल्या विक्रेत्याने त्यांच्या डोक्यात भरवलं, की काचा बनवणारी भट्टी बंद होणार आहे, आत्ता घ्याल तर पुढची दहा वर्षं बाजारात तुमचंच राज्य. वडिलांनी भट्टीतला होता नव्हता तो सगळा माल उचलला. वर्ष उलटायच्या आत गल्लीत विजेचे खांब आले. दुकान आटत गेलं आणि खोकी घरात आली. घर दोन खोल्यांचं. त्यातली एक खोली जमिनीपासून छतापर्यंत काचांनी भरली आणि दुसरीत ती, आई, वडील आणि उरलेली खोकी. ती झोपायची ती खोक्यांच्या दोन ओळींमधल्या बोळकांडीत. तिच्या आठवणीतलं पहिलं वाक्य "हळू, काच आहे" हेच. सातव्या वर्षी तिच्या धक्क्याने एक खोकं पडलं. वडील एक शब्द बोलले नाहीत. स्वतः केरसुणी घेऊन काचा गोळा करत बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

शिकायला गेली तेव्हा एका सरांनी फळ्यावर लिहिलं, 'पडून राहिलेला माल म्हणजे झाकून ठेवलेली चूक.' बाकीच्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. तिला मात्र वाटलं, या माणसाने आपलं घर पाहिलंय. त्या एका ओळीवर तिने पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. आणि खरं सांगायचं तर ते नीट उभंही राहिलं. जिथे जिथे ती गेली तिथे पसारा कमी झाला, नासधूस थांबली, लोकांना वस्तू वेळेवर मिळू लागल्या. अडाणीपणाने केलेलं काम नव्हतं ते. म्हणूनच पुढे जे झालं ते तिला जास्त लागलं.

पुढची छोटी चाकं तेव्हा दोन ठिकाणांहून येत. निम्मी समुद्रापलीकडच्या एका बड्या कारखान्यातून, कंटेनरमध्ये भरून. आणि निम्मी कालव्याच्या पलीकडून, कारखान्याच्या मागच्या फाटकातून चालत दहा मिनिटांवरून. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये चाकवाले काका आणि काकू असत. तीन प्रेस, कातकामाचा एक लेथ आणि हाताखाली दोन माणसं. काका रबर तापवून साच्यात दाबायचे, काकू गरम चाक हातात घेऊन त्याच्या कडांचं जास्तीचं रबर कापायच्या. बावीस वर्षं हेच. माल पोचवायला काका स्वतः यायचे आणि नुसता माल ठेवून जायचे नाहीत. जुळणीच्या ओळीजवळ उभं राहून बघायचे, मग म्हणायचे, "मॅडम, मुलांच्या खुर्चीला जरा मऊ रबर देऊन पाहू का? पोरं उंबऱ्यावरून धाडकन नेतात." मॅडमच्या मते हा वेळेचा अपव्यय होता.

समुद्रापलीकडचं चाक स्वस्त होतं, प्रत्येक नग दुसऱ्यासारखा होता आणि ते कधी मत देत नव्हतं. दोन पुरवठादार म्हणजे दोन तपासण्या, दोन फायली, दोघांचे फोन. "एका म्यानात दोन तलवारी हव्यात कशाला?" असं ती बैठकीत म्हणाली, आणि मोठ्या साहेबांनी मान डोलावली. मोठे साहेब कंपनीचे सर्वेसर्वा. त्यांना थोडक्यात सांगितलेलं आवडायचं.

काकांना सांगायला ती स्वतः गेली. तेवढी माणुसकी तिच्यात होती. काकूंनी स्टूल पुसून पुढे केलं, चहा ठेवला.

"काका, पुढच्या महिन्यापासून आपण थांबतोय," तिने आडवळण न घेता सांगितलं.

"चाकात काही खोट निघाली?"

"नाही हो. चाक चांगलंच आहे तुमचं."

"मग?"

"कंपनीचं धोरण आहे. एका वस्तूला एकच पुरवठादार."

"धोरण," काका म्हणाले. थोडा वेळ ते प्रेसच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. "बरं. आणि साचे?"

साचे कंपनीच्या मालकीचे होते. पोलादाचे, जड, वेगवेगळ्या मापांच्या चाकांचे चौदा साचे. पैसा कंपनीने घातला होता, पण घडवले होते काकांनी, याच शेडमध्ये.

"साचे परत न्यावे लागतील. उद्या गाडी पाठवते."

"परवा पाठवा. उद्याचा दिवस द्या मला."

"कशाला?"

"पुसायचे आहेत."

परवा साचे आले. प्रत्येक साचा घासूनपुसून, आतून तेल लावून, जुन्या सुती कापडात गुंडाळलेला. वर काकूंच्या अक्षरात आकडा. स्टोअरवाल्या भाऊंनी एक साचा उघडून पाहिला आणि परत तसाच गुंडाळला. भाऊ एकोणतीस वर्षं स्टोअरमध्ये होते. कानामागे पेन्सिल, आणि कुठली वस्तू कुठल्या रॅकवर आहे हे डोळे मिटून सांगायचे. "मुलगी सासरी पाठवतात तसे पाठवलेत," एवढंच ते म्हणाले. मॅडम हसली आणि पुढे गेली.

त्या वर्षी तिचं फार कौतुक झालं. मोठ्या साहेबांनी बाहेरच्या पाहुण्यांना रिकामं स्टोअर फिरून दाखवलं. "इथे आधी चालायला जागा नव्हती," ते म्हणाले. रिकाम्या खोलीत त्यांचा आवाज घुमला.

तिने आता एक नियमच केला होता: बारा महिने जी वस्तू हलली नाही ती बाहेर. बरोबर बारा महिन्यांनी साच्यांचा कागद तिच्या टेबलावर आला आणि कागदामागून भाऊ आले. ते कधी आपण होऊन वर यायचे नाहीत.

"मॅडम, हे साचे तेवढे राहू द्या. एका कोपऱ्यात पडून राहतील. खातपीत तर काही नाहीत."

"भाऊ, नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी वाकवला की उद्या सगळेच वाकवतील."

"नियम मालासाठी आहे. साचा म्हणजे माल नव्हे."

"मग काय?"

भाऊंना शब्द सापडेना. त्यांनी पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली. "साचा म्हणजे... उद्या लागलं तर करता यावं म्हणून असलेली सोय. आडात असलं तर पोहऱ्यात येईल ना मॅडम? एक वर्ष द्या अजून."

"उद्या लागलं तर, उद्या लागलं तर!" तिचा आवाज नकळत चढला. "याच विचाराने घरंच्या घरं भरतात, भाऊ. माणसाला पाय ठेवायला जागा राहत नाही."

भाऊंना कळेना, की चौदा साच्यांवरून मॅडम एवढ्या का तापल्या. ते खाली गेले. तिने सही केली. दुसऱ्या आठवड्यात भंगारवाल्याचा ट्रक आला आणि वजनावर साचे घेऊन गेला. सुती कापडं भाऊंनी काढून ठेवली होती. मशिनं पुसायला उपयोगी पडतात म्हणाले.

मग आठ महिने काही झालं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललं की माणसाला वाटतं, हे आपल्या हुशारीमुळेच चाललंय.

एका मंगळवारी सकाळी समुद्रापलीकडून संदेश आला. त्यांच्या कारखान्याला आग लागली होती. जीवितहानी नव्हती, पण चाकांचा अख्खा विभाग जळून गेला होता. पुन्हा कधी सुरू होईल ते सांगता येत नव्हतं. तिने तो संदेश तीनदा वाचला. हाताशी पाच दिवसांची चाकं होती. आठ दिवसांची समुद्रावर, वाटेत. तेरा दिवस.

दुपारी मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक बसली. शिल्लक मालाचे आकडे सांगायला भाऊंनाही बोलावलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसले होते.

"आपला तो जुना चाकवाला होता ना, कालव्यापलीकडचा?" साहेब म्हणाले. "त्याला कामाला लावा."

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. साचे मोडीत काढले, माझ्या सहीने, भाऊ नको म्हणत असताना. हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तीन वाक्यांचं काम होतं. ती तोंड उघडून म्हणाली, "त्याची तेवढी क्षमता नाही, सर."

हे धडधडीत खोटंही नव्हतं. काका दिवसाला जेमतेम दीडशे चाकं करू शकत, आणि लागत होती तीनशे. पण दीडशे म्हणजे निम्मी. निम्म्या चाकांवर निम्मा कारखाना चालला असता. ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दाराजवळ भाऊ आपल्या पेन्सिलीचं टोक न्याहाळत बसले होते. तिने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

बैठक संपल्यावर ती मागच्या फाटकाने बाहेर पडली आणि कालवा ओलांडून काकांकडे गेली. का गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडीही आपणच मोडली आहे हे ठाऊक असून ती गेली.

शेडमध्ये आता दोनच प्रेस होते. तिसऱ्याच्या जागी सिमेंटचा चौकोन उरला होता. हाताखालची माणसं दिसत नव्हती. काका पाण्याच्या पंपाला लागणाऱ्या रबरी कड्या करत होते आणि काकू त्या मोजून पिशवीत भरत होत्या. तिला पाहून दोघं उठले. आगीचं ऐकून काकांचा चेहरा आधी उतरला. "माणसं सुखरूप आहेत ना तिथली?" त्यांनी पहिलं हे विचारलं. मग ते लगबगीने प्रेसकडे वळले.

"हे बघा, कड्यांचं काम मी ठेवतो बाजूला. दोन प्रेसवर शंभर तरी काढून देतो रोज. रबरवाल्याला आत्ता फोन करतो. तुम्ही फक्त साचे पाठवा. आज पाठवलेत तर उद्या सकाळी पहिलं चाक हातात देतो."

"काका..."

"मोठ्या मापाचे आधी पाठवा. त्यांना तापायला वेळ लागतो."

"काका, साचे नाहीत."

"नाहीत म्हणजे? दुसऱ्या कुणाला दिलेत?"

"मोडीत गेले."

काकांना आधी समजलंच नाही. काकूंना समजलं. त्यांनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"चौदाही?" काकांनी विचारलं.

"चौदाही."

ते स्टुलावर बसले. कालव्यापलीकडून कारखान्याचा जेवणाच्या दुसऱ्या पाळीचा भोंगा ऐकू आला.

"तिसऱ्या नंबरचा साचा," काका शेवटी म्हणाले, "मुलांच्या खुर्चीचा. त्याची आतली कड मी दोन महिने घासत होतो. चाक सुटताना फाटायचं. मग एक दिवस सुटलं. ही साक्षीला आहे." त्यांनी काकूंकडे हात केला. "मला फोन केला असतात तर मी इथे ठेवून घेतले असते, मॅडम. फुकट. कॉटखाली ठेवले असते."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर ती ऐकून घ्यायला तयार होती. पण काका उठले आणि लेथकडे गेले. म्हणाले, साच्याशिवाय व्हायचं तर रबराच्या जाड पट्टीतून एकेक चाक कातून काढावं लागेल. दिवसाला वीस, फार तर पंचवीस. तीनशेला ते कुठे पुरणार? "पण लहान मुलांच्या खुर्च्या तरी थांबू नयेत," ते म्हणाले.

एका इस्पितळाने मुलांसाठी खुर्च्या मागवलेल्या होत्या. त्या यादीत फक्त वय आणि मापं होती: मुलगी, नऊ वर्षं, मुलगा, सहा वर्षं, मुलगी, अकरा. ती यादी तिने आजवर शंभरदा पाहिली होती, पण मापांपलीकडे कधी वाचली नव्हती. काकांनी तीन आठवडे लेथवर उभं राहून त्या यादीपुरती चाकं कातून दिली. तपासणीच्या माणसाने कातलेलं चाक नियमात बसत नाही म्हणून हरकत घेतली, तेव्हा तिने स्वतःच्या जबाबदारीवर सही केली. तिच्या त्या दिवसांतल्या सह्यांमध्ये आठवून बरं वाटावं अशी ती एकच.

बाकी सगळं थांबलं. बाजारातली तयार चाकं खुर्चीच्या दांड्यात बसेनात. नवे साचे करायला दुसऱ्या एका कारखान्याने दहा आठवडे मागितले. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की पाणी लागेपर्यंत तहानलेलंच राहावं लागतं. तेराव्या दिवशी चाकं संपली आणि पुढच्या काही दिवसांत जुळणीची ओळही बंद पडली. मोठ्या चाकांवर मागे कललेल्या, पुढून अधू अशा खुर्च्यांच्या रांगा भिंतीपर्यंत उभ्या राहिल्या. रिकाम्या केलेल्या चारही खोल्या त्यांनी भरून गेल्या.

कंत्राटावरच्या बासष्ट माणसांना घरी बसायला सांगावं लागलं. त्यात चाकं बसवणाऱ्या ताई होत्या. नऊ वर्षं त्या एकाच जागी उभ्या होत्या. हात असा बसला होता, की गप्पा मारता मारता, खाली न बघता चाक बसवायच्या आणि ते कधी डगमगायचं नाही. मॅडमने त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आग काय मॅडम, कुणाच्या हातात असते? चाकं आली की बोलवा हं. मी दुसरीकडे बघत नाही." मॅडमने मान हलवली. पण चाकं यायला अकरा आठवडे लागले, आणि अकरा आठवडे घर थांबत नाही. ताईंना फोन केला तेव्हा तो लागला नाही. शेजारणीने सांगितलं, त्या भावाकडे गेल्या, दुसऱ्या शहरात. आता परत येणार नाहीत.

कारखाना बंद होता त्याच दिवसांतली एक सकाळ. आई तिच्याकडेच राहायची. खिडकीशी बसून दोघी चहा पीत होत्या. रोज आठच्या आत घर सोडणारी मुलगी आज निवांत बसलेली पाहून आईने विचारलं, आणि तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. साच्यांचं, भाऊंचं, बैठकीतल्या त्या वाक्याचं.

आईने कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, "तुला वाटतं, तुझे बाबा काचांमुळे बुडाले."

"मग कशामुळे?"

"मी त्यांना सांगितलं होतं, पलीकडच्या गावात खांब उभे राहिलेत. माझा भाऊ डोळ्यांनी बघून आला होता. तर मला म्हणाले, तुला धंद्यातलं काय कळतं. त्या विक्रेत्याचं ऐकलं, माझं नाही." आईने कप खाली ठेवला. "तुम्ही बापलेक अगदी सारखे. त्यांनी घर भरलं, तू रिकामं केलंस. पण ऐकलं दोघांनीही नाही."

"असं कसं म्हणतेस आई? मी त्यांच्यासारखं होऊ नये म्हणून तर..."

"तेच म्हणते मी."

तिला ते झोंबलं. दोन दिवस ती आईशी धड बोलली नाही. आणि खरं तेच जास्त झोंबतं, म्हणून तिसऱ्या दिवशी बोलायला लागली.

कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर अहवाल लिहायचं काम तिच्याकडेच आलं. 'कारण' या रकान्यात तिने लिहिलं: 'पुरवठादाराकडील आग. आपल्या नियंत्रणाबाहेर.' लिहिताना हात थांबला होता. पण थांबलेला हात पुन्हा चालायला लागला. अहवाल वर गेला, सगळ्यांनी वाचला, आणि अकरा आठवडे तिने ज्या धीराने किल्ला लढवला त्याबद्दल तिला बढती मिळाली. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत भाऊही टाळ्या वाजवत होते. ते मात्र तिला बघवलं नाही.

पाच महिन्यांनी भाऊ निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ती खाली स्टोअरमध्ये गेली. ते नव्या माणसाला द्यायच्या किल्ल्या एका तारेत ओवत होते.

"भाऊ, त्या दिवशी बैठकीत तुम्ही बोलला का नाहीत?" तिने विचारलं. "एका वाक्यात माझं पितळ उघडं पाडता आलं असतं तुम्हाला."

भाऊंना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "मी बोललो होतो की मॅडम. तेव्हा, साचे होते तेव्हा." त्यांनी तारेची गाठ मारली. "साचे गेल्यावर बोलून काय करायचं? तुमची नोकरी गेली असती, साचे थोडेच आले असते?"

"मला राग नव्हता तुमचा, भाऊ."

"मला माहीत आहे. तुम्हाला कशाचा तरी राग होता. माझा नव्हता." एवढं बोलून ते हसले आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. बसायच्या आधीच म्हणाली, "सर, त्या अहवालातलं कारण चुकीचं आहे. आग त्यांच्याकडे लागली, पण बंद आपण माझ्यामुळे पडलो." आणि तिने सगळं सांगितलं. बारा महिन्यांचा नियम, भाऊंची विनवणी, तिची सही, काकांच्या क्षमतेबद्दलचं ते वाक्य.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा काढून पुसला.

"तुम्ही प्रामाणिक आहात, ते मला आवडलं," ते म्हणाले. "पण आता जुनं झालं ना ते. अहवाल बंद झालाय. उगाच उकरून काय मिळणार? यापुढे दोन पुरवठादार ठेवायचे म्हणता, तर ठेवा. सुधारणा म्हणून आणा समोर. चूक म्हणून नको."

ती खोलीबाहेर आली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शिक्षा झाली असती तर निदान हिशोब मिटला असता. इथे तर तिची चूक कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. ती तिच्यापाशीच राहिली.

तिने दोन पुरवठादारांची पद्धत आणली. कुठलाही साचा मोडीत काढायचा तर तो ज्याने वापरला त्याला आणि स्टोअरला आधी विचारायचं, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहायचं, असा नवा नियम केला. स्टोअरमधल्या नव्या माणसाला ती आठवड्यातून एकदा विचारू लागली, "मी काय चुकतेय?" तो बिचारा घाबरून "काही नाही मॅडम" म्हणायचा. भाऊंनी न विचारता सांगितलं होतं.

आणि छोट्या चाकांचा दुसरा पुरवठादार म्हणून ती नव्या साच्यांचे नकाशे घेऊन काकांकडे गेली. आता दहा वर्षांचा करार, साचे कायम त्यांच्याच शेडमध्ये, असं सगळं लिहून घेऊन गेली होती.

शेडमध्ये एकही प्रेस नव्हता. अर्ध्या जागेत कुणाची तरी लाकडाची वखार लागली होती. काका दारात खुर्ची टाकून बसले होते. लेथवर सलग उभं राहून त्यांच्या कमरेने दगा दिला होता. तीन आठवडे कुणामुळे उभं राहावं लागलं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"उशीर केलात मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. "दोन वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर उडी मारली असती. आता प्रेस पण गेले आणि माणसंही."

"दुसरं कुणी माहितीतलं आहे का? तुमच्यासारखं काम करणारं?"

"आमच्यासारखं," काकू आतून एवढंच म्हणाल्या.

ती उठली. तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "नकाशा बघू." त्यांनी तो गुडघ्यावर पसरला, डोळे बारीक केले, बोटाने आतल्या कडेवरून रेघ फिरवली. "कुणी काढलाय हा? इथे उतार कमी आहे. चाक सुटताना फाटणार. पेन्सिल द्या."

तिने पिशवीतून पेन्सिल काढून दिली. काकांनी नकाशावर एक तिरकी रेघ मारली, बाजूला आकडा लिहिला, परत एकदा तपासून पाहिला आणि कागद घडी करून तिच्या हातात दिला.

"जो करेल त्याला सांगा, ही कड घाईने घासू नको," ते म्हणाले. "वेळ लागतो तिला."

ती हो म्हणाली. चहाला थांबा असं आज कुणी म्हणालं नाही. नकाशा छातीशी धरून ती कालव्याच्या पुलावरून परत निघाली. समोर कारखान्याचं मागचं फाटक उघडं होतं, आणि आत जुळणीच्या ओळीवर चाकं बसवताना होणारा ठोक्यांचा आवाज येत होता. ताईंचा नव्हे, दुसऱ्या कुणाचा, अजून हात न बसलेल्याचा.